गुलाबी फीत आणि वाळ्याचा वास

दिल्ली आणि परिसरातल्या समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मयूर विहारातल्या आमच्या मंडळाच्या खोलीच्या दाराला बांधलेली गुलाबी फीत याही उन्हाळ्यात कापली जाणार नाही. तिची दोन्ही टोकांची फुलं सुस्थितीत आहेत. मधला भाग विटून कांद्याच्या सालीच्या रंगाचा झाला आहे, परंतु चिंतेचं कारण नाही. ज्या कुणाला कात्री घेऊन यायची इच्छा असेल, त्याने ती घरीच ठेवावी.

मला याहून जास्त वेळ गंभीर राहता येत नाही. तसा प्रयत्न मी शोकसभांमध्ये करून पाहिला आहे.

तर, मे परत आला आहे. आमच्या गल्लीतल्या बहाव्याने पिवळी झुंबरं टांगली आहेत. दिल्लीचा उन्हाळा हा असा चावट यजमान आहे. आधी लग्नघरासारखी सजावट करतो, आणि पाहुणे जमले की त्यांना भाजून काढतो. गार पाण्याच्या नळाला चहा करता येईल असं पाणी येतंय. कबुतरं चोची उघड्या टाकून खिडकीच्या छज्ज्याखाली बसली आहेत. गल्लीतला काळा कुत्रा एटीएमच्या काचेच्या दारापाशी पडून असतो आणि कुणी पैसे काढायला आलं की त्याच्याबरोबर तत्परतेने आत जातो. आमच्या घरात संसारातली सगळी संभाषणं आटून एकच वाक्य शिल्लक राहिलं आहे : कूलरमध्ये पाणी घातलंस का?

काल ते मीच घातलं. कोरड्या ठणठणीत वाळ्याच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं आणि तो वास घरभर फिरला. ओल्या मुळांचा, मातीचा, थोडा देव्हाऱ्याचा. त्या वासाने म्हणे मन शांत होतं. माझं होत नाही. मला ती फीत आठवते, आणि फीत आठवली की कूलरसमोर बसूनसुद्धा माझं डोकं तापतं.

ती फीत बांधली गेली त्या वर्षी मी स्वयंसेविका झाले होते. मुलांना ऊन, आंधी, पूर, भूकंप यांना कसं तोंड द्यायचं ते शिकवायचं, असं काम. त्यासाठी आम्हाला आधी नोएडात प्रशिक्षण दिलं गेलं. सभागृहातला एसी इतका जबरदस्त होता की उष्णतेच्या लाटेवरचं व्याख्यान आम्ही सगळ्या जणी ओढण्या कानांवरून गुंडाळून ऐकत होतो. मागे कुणीतरी शिंकत होतं. शेवटी प्रत्येकीला एक टोपी आणि एक शिट्टी मिळाली. टोपी मी भाच्याला दिली. शिट्टी मात्र आजही माझ्याकडे आहे. पन्नाशीला आलेल्या बाईच्या हातात अधिकृत शिट्टी येणं ही काय चीज आहे, हे ज्यांच्या हातात आली त्यांनाच कळेल.

सोसायटीतल्या मुलांचं एक पथक मी उभं केलं. पहिल्याच दिवशी मी 'उष्माघात' या विषयावर दहा मिनिटं सुरेख बोलले. हातवारे, आवाजाचे चढउतार, सगळं. शेवटी एक मुलगा अगदी अदबीने म्हणाला, मावशी, ये क्या होता है? मी म्हटलं, लू लगना. अच्छा, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. माझी दहा मिनिटं दोन शब्दांत आटोपली.

पथकाची म्होरकी तन्वी. सातवीतली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आदल्याच वर्षी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून इकडे राहायला आलेले. तिथल्या कडुनिंबांची आठवण ही मुलगी अशी काढायची, जसं आपण सोडून आलेल्या गावाची काढतो. चेहरा कायम हिशेबतपासनिसाचा. माझ्या शिकवण्यातला सगळा नाट्यरस तिने गाळून टाकला आणि पथकासाठी एकच नियम ठेवला : आधी सावली, मग चौकशी. कुणी चक्कर येऊन पडलं, भलतंसलतं बोलायला लागलं, की का, कसं, कुणाचं कोण, हे नंतर. आधी गार जागी न्यायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करायचं, वारा घालायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि मोठ्या माणसाला फोन करायला पिटाळायचं.

सरावात रोगी व्हायला सगळेच तयार. काय एकेकाचं पडणं! मालिकांमधल्या सासवांनी शिकावं. पण खरी कलावंत निघाली ती पिंकी. सी ब्लॉकच्या मागे तिचे आईवडील इस्त्रीचा ठेला चालवतात. एक दिवस ती कपड्यांचं गाठोडं पोचवायला आली, आमचा सराव बघत उभी राहिली, आणि मग काही न बोलता गाठोडं बाजूला ठेवून अशी कोसळली की मी खरोखरच धावले. डोळा किलकिला करून तिने विचारलं, "मौसी, ठीक था?" त्या दिवसापासून रोग्याची भूमिका तिची.

मग आम्ही बर्फाची शर्यत लावली. ही कल्पना माझी, आणि मला तिचा अभिमान आहे. प्रत्येकाला स्टीलच्या ताटलीत बर्फाचा एक खडा द्यायचा, भर दुपारी सोसायटीत वेगवेगळ्या जागी ठेवायचा, आणि कुठला आधी वितळतो ते पाहायचं. घसरगुंडीखाली, पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, बाकावर. मुलं खड्यांना चीअर करत होती. माझी पैज घसरगुंडीवर होती. जिंकला पिंकीच्या ठेल्यावरचा खडा. ताटली ठेवून वळेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं.

आम्ही सगळे तिथे जाऊन उभे राहिलो. वर पत्रा. खाली कोळशाची इस्त्री. इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण मागची सगळी भिंत एसीच्या बाहेरच्या खोक्यांनी भरलेली होती, तळापासून गच्चीपर्यंत, आणि प्रत्येक खोका आपापल्या घरातली उष्णता या पत्र्याखाली फेकत होता. पिंकीची आई त्या झोतात उभी राहून कुणाच्या तरी कुर्त्याची बाही सरळ करत होती. मान वर करून तन्वी खालून एकेक खोका मोजत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "वो ऊपर से दूसरा वाला हमारा है."

आमचा खोका त्याच्या खालचा होता.

दुसऱ्या दिवशी तन्वी मागणी घेऊन आली. मंडळाची खोली दुपारी उघडी ठेवायची. पिंकी, तिचा भाऊ, चौकीदारांची मुलं, ज्यांच्या घरी कूलर नाही ती सगळी मुलं ऊन उतरेपर्यंत तिथे बसतील. पथक पाळीने लक्ष ठेवेल. झालं. इतकी साधी गोष्ट. मी आनंदाने शिट्टी वाजवली. बिचारी मी.

ही खोली तळमजल्यावर आहे. जाड भिंती, उत्तरेकडे खिडकी, समोर पिंपळ. आत गणपतीचं मखर, लेझमी, बसलेल्या आवाजाची एक पेटी, आणि आजवरच्या सर्व नाटकांतले राजवाडे घडी करून ठेवलेले. किल्ली सबनीसकाकांच्या खिशात. सबनीसकाका मंडळाचे सचिव, मंत्रालयातून निवृत्त झालेले. म्हणजे मंत्रालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. माणूस सज्जन. कुणाच्या घरी मर्तिक झालं तर सगळ्यात आधी पोचणार, बदली होऊन आलेल्या नव्या कुटुंबाला गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत डबा पाठवणार. पण कामाला पद्धत हवी. पद्धत नसेल तर त्यांना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं.

प्रस्ताव उत्तम आहे, असं ते मला म्हणाले, आणि मी शिट्टी खिशात टाकली. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर सरकारी माणूस 'उत्तम' कधी म्हणतो हे मला ठाऊक आहे. मग सभा झाली. मखराला धक्का लागला तर? पेटी कुठे ठेवायची? नाव काय द्यायचं? कुणी 'शीतगृह' सुचवलं, त्यावर ते बटाट्यांसाठी असतं अशी हरकत निघाली आणि पुढचा बराच वेळ आग्ऱ्याच्या बटाट्यांवर गेला. बाहेर टळटळीत दुपार होती. आत आम्ही खोलीच्या नावावर चर्चा करत सरबत पीत होतो. इस्त्रीवाल्याची मुलं नकोत, असं एकाही तोंडून निघालं नाही. आपण सुसंस्कृत आहोत. फक्त ये-जा वाढेल, असं तिघा-चौघांनी म्हटलं.

कोपऱ्यात बसलेल्या तन्वीने हात वर केला आणि विचारलं, पिंकी कधीपासून येऊ शकते?

"उद्घाटन झालं की लगेच, बेटा," सबनीसकाका खरोखरच प्रेमाने म्हणाले.

उद्घाटन! म्हणजे प्रमुख पाहुणे. म्हणजे त्यांची तारीख. आणि पाहुणे साधेसुधे चालत नाहीत, निदान मंत्रालयातले सहसचिव तरी हवेत, आणि सहसचिवांना मेअखेरीपर्यंत सवड नव्हती. इकडे पथकाने खोली झाडून काढली. राजवाडे माळ्यावर गेले. दोन कूलर आले, नव्या ताट्या बसल्या. सगळं तयार झालं, आणि सबनीसकाकांनी दाराला कुलूप लावलं. पाहुण्यांनी उघडायच्या आधी ती वापरली तर उद्घाटन कसलं?

त्याच आठवड्यात पिंकीचा घोळणा फुटला. ठेल्याच्या बाकावर मान मागे टाकून बसली होती, फ्रॉकवर लाल डाग, आणि आईने नाकावर धरलेला ओला रुमाल तिथल्या हवेत लगेच कोरडा पडत होता. मी तशीच सबनीसकाकांकडे गेले. माझं काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, शुभाताई, मला का कळत नाही? पण एकदा पद्धत मोडली की मोडलीच. मी जिना उतरताना जी आदळआपट केली तिचं श्रेय माझ्या रंगभूमीवरच्या अनुभवाला.

आता तो दिवस डोळ्यांसमोर आणा. वेळ दुपारची, कारण संध्याकाळी पाहुण्यांना दुसरा समारंभ होता. खोलीबाहेरच्या फरशीवर शामियाना. शामियान्याच्या कापडातून ऊन गाळून येत होतं, पण गाळल्याने काही कमी होत नव्हतं. खोलीत दोन्ही कूलर सकाळपासून घरघरत होते, पाहुणे आत पाऊल टाकतील तेव्हा गारवा तयार हवा म्हणून. दार सताड उघडं. आतून वाळ्याचा थंड वास येत होता. आणि दारात आडवी, चौकटीच्या दोन खिळ्यांना बांधलेली गुलाबी साटीनची फीत.

आत गारेगार रिकामी खोली, बाहेर उन्हापासून बचाव कसा करावा हे शिकलेली मुलं उन्हात. हा देखावा मी एखाद्या नाटकात घातला असता, तर अतिशयोक्ती म्हणून दिग्दर्शकाने काढून टाकला असता.

पाहुणे यमुनेच्या पुलावर अडकले होते. निघाले आहेत, असा निरोप आला. मग पोचतच आहेत, असा आला. मग पुन्हा निघाले आहेत, असा आला. तेवढा वेळ मुलांना आत बसवू या, असं मी सबनीसकाकांना म्हटलं.

"शुभाताई, फीत आहे," ते म्हणाले. आत नाग आहे, असं सांगावं त्या सुरात.

तन्वीने मुलांना पाणी पाजलं, टोप्या ओल्या करून डोक्यावर चढवल्या. मोठ्यांनाही पाणी दिलं. सबनीसकाकांनी मात्र ग्लास परत केला. काळा बंदगळ्याचा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. पाहुण्यांच्या आधी यजमानाने पाणी कसं घ्यायचं? हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं, आणि सकाळपासून ते धावपळ करत होते. तन्वी ग्लास हातात घेऊन थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

मग सबनीसकाका माईकपाशी गेले आणि स्वागताचं भाषण सुरू केलं. आज आपल्यात उपस्थित असलेले सन्माननीय, असं म्हणून त्यांनी हात केला तो मधल्या रिकाम्या खुर्चीकडे. त्यांनी अमूल्य वेळ काढला याबद्दल खुर्चीचे आभार मानले. तबकातली शाल उचलली, घडी उलगडली, आणि सावकाश, काळजीपूर्वक, खुर्चीच्या पाठीवर पांघरली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी थट्टा करत नाही. शाल पांघरली गेली की टाळी वाजवायची, हे आमच्या हातांना इतकं माहीत झालं आहे की खुर्चीत कोण आहे हे हात विचारत नाहीत. कुणाला वाटलं रंगीत तालीम चालली आहे. खजिनदार तर श्रीफळ घेऊन पुढे झाले.

शिट्टी वाजली. माझी नव्हे, म्होरकी म्हणून तन्वीने गळ्यात अडकवलेली. "ते भलतंच बोलतायत," ती ओरडली, "त्यांना घाम पण नाहीये. उचला."

सबनीसकाका खुर्चीच्या हातावर कलले, तेवढ्यात मुलं पोचली होती. त्यांच्या मागून आम्ही दोघं-तिघं. दाराशी खजिनदार आडवे आले, अरे फीत, फीत, करत कात्री शोधायला लागले. कात्री तबकात होती, कुंकू लावलेली. त्यांनी ती उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि परत ठेवली. पाहुण्यांची कात्री होती ती. तोवर मुलं सबनीसकाकांना घेऊन फितीखालून आत गेलीसुद्धा, आणि गुलाबी साटीन त्यांच्या पाठींना घासत मागे झुलत राहिलं.

आत काय झालं ते मी पाहत राहिले, कारण मला करायला काही उरलंच नव्हतं. एकाने गुंड्या काढल्या. एकाने पाय वर धरले. एकजण डॉक्टरांना आणायला पळाला, एकाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि पत्ता न अडखळता सांगितला. कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन आलं, त्याला तन्वीने हातानेच थांबवलं. आणि पिंकी, जिने त्या दिवशी पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात टाळ्यांच्या गजरात खोटं खोटं कोसळायचं होतं, ती बाहेर पळाली, खुर्चीवरची सत्काराची शाल ओढून आणली, कूलरच्या टाकीत बुचकळली आणि पिळता पिळता सबनीसकाकांच्या छातीवर पसरली. खजिनदारांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. मग निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा पंख्यासारखा धरून ती वारा घालायला बसली. या खोलीत तिने पाऊल टाकलं ते असं.

शेजारच्या ब्लॉकमधले डॉक्टर आले. तपासलं. मुलांनी केलं तेच करत राहा, म्हणाले. सलाइन लावावं लागेल, पण वेळेवर गार केलंत.

हळूहळू सबनीसकाकांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी मखर पाहिलं, कूलर पाहिला, स्वतःच्या छातीवरची भिजकी शाल पाहिली. मग वारा घालणारी पिंकी पाहिली. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर पिंकी म्हणाली, "अंकल, बोलिए मत."

ते गप्प बसले. मंडळाच्या इतिहासात त्यांना कुणी गप्प बसवल्याची नोंद नाही.

आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारं उघडल्याचा, बुटांचा आवाज. प्रमुख पाहुणे आले होते.

इथे मी जरा थांबते. नाटकात हीच जागा मध्यंतराची असते, आणि मला आजच्या दुपारबद्दल सांगायचं आहे.

आज मी ऑफिसातून लवकर निघाले आणि मेट्रोतून उतरून सरळ खोलीवर गेले. आत पिंकी भावाला पाढे म्हणायला लावत होती. ती आता इतकी उंच झाली आहे की रोग्याची भूमिका दुसऱ्या मुलीला द्यावी लागली. ती मुलगी फार हळू पडते, असं पिंकीचं मत आहे. तन्वीचं यंदा बोर्डाचं वर्ष आहे, तरी ती डोकावून जाते आणि कूलरची पाणीपातळी बघते. कोपऱ्यात माठ आहे. तो सबनीसकाका रोज सकाळी स्वतः भरतात. सी ब्लॉकच्या मागची भिंत मात्र तशीच आहे, उलट तिच्यावर दोन खोके वाढले आहेत. त्यांची तोंडं वळवून घ्या, ठेल्यावर झोत तरी यायला नको, म्हणून मी सोसायटीच्या मागे लागले आहे. तो प्रस्तावही उत्तम आहे, असं मला कळवण्यात आलं आहे. म्हणजे यंदाचाही उन्हाळा माझा गेला. शेजारच्या सोसायटीला असं काही सुरू करायचं होतं, त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडे हे इतकं पटकन कसं मंजूर झालं? मी फक्त हसले. आता काय सांगणार, आधी एखादा सचिव उन्हात उभा करा म्हणून?

तर, हॉर्न वाजला. खोलीत सगळे थिजले. बाहेर स्वागताला कुणी नाही, खुर्चीवर शाल नाही, हार टेबलावर सुकतोय. फीत न कापता सगळं मंडळ आत, आणि आत इस्त्रीवाल्याची मुलगी सहसचिवांच्या शालीवरून सचिवांना वारा घालत बसलेली. खजिनदार सबनीसकाकांच्या कानाशी वाकले. आवाज दबका होता, पण मी जवळच होते. ते म्हणत होते, मुलांना दोन मिनिटं बाहेर काढू या का, फीत कापून घेऊ, मग हवं तर परत आत. पिंकीचा हात थांबला. तिने पत्रिका गोळा केल्या आणि उठायची तयारी केली, कुणी ऊठ म्हणण्याआधीच उठण्याची तिला सवय होती. तन्वी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी सबनीसकाकांनी पिंकीचं मनगट धरून तिला खाली बसवलं, दाराकडे पाहिलं, आणि माईकशिवाय, सगळ्या मंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले :

"त्यांना म्हणावं, वाकून आत या."